प्रस्तावलेखन मार्गदर्शन सेवा: बीड जिल्ह्यातील एका छोट्या संस्थेचा सहा महिन्यांचा अनुभव

ज्या सेवेविषयी हे लिहीत आहे ती छत्रपती संभाजीनगरमधील एका सल्लागार कंपनीची आहे. स्वयंसेवी संस्थांना निधीसाठी प्रस्ताव तयार करून देणे आणि ते तयार करायला शिकवणे, अशी दोन्ही कामे ती करते. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशी सेवा देणारे आता बरेच जण आहेत, त्यांच्या माहितीपत्रकांतील मजकूर जवळजवळ सारखाच असतो, आणि मला ज्या त्रुटी दिसल्या त्या एकाच ठिकाणच्या असतील असे मला वाटत नाही. छोट्या संस्थेने अशी सेवा घ्यावी का, घेतली तर तिचा कोणता भाग घ्यावा आणि कोणता स्वतःच्या हातात ठेवावा, एवढ्यापुरतेच हे लेखन आहे.

आधी माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मी एका बँकेत नोकरी केली आणि शेवटची बरीच वर्षे कर्ज विभागात काढली. निवृत्तीनंतर धारूर तालुक्यातील एका छोट्या संस्थेत विनामोबदला काम करतो. आमच्या भागातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, कोयता नवरा-बायकोच्या जोडीने धरलेला असतो, आणि घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही फडावर जातात. तिथे गेलेल्या मुलाचे शाळेचे वर्ष बहुधा वाया जाते. अशा ४० मुलांसाठी आम्ही दोन गावांत पाच महिन्यांचे वसतिगृह चालवतो. धान्य गावातून जमते आणि रोख खर्च आजवर ओळखीच्या देणगीदारांवर चालत आला. जून २०२५ मध्ये विश्वस्तांनी संस्थात्मक निधी मिळवण्याची जबाबदारी ठराव करून माझ्याकडे दिली आणि त्याच बैठकीत ही सेवा घेण्याचे ठरले.

सेवेचे ठरलेले शुल्क ३५,००० रुपये होते. त्यात तीन जणांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा, संस्थेच्या कागदपत्रांची संपूर्ण तपासणी, तीन प्रस्तावांचे मसुदे आणि सहा महिने फोनवरून मार्गदर्शन एवढ्या गोष्टी होत्या. आमच्यासारख्या संस्थेला ही रक्कम लहान नाही. वसतिगृहातील सगळ्या मुलांच्या पंधरवड्याच्या जेवणाइतका तो खर्च आहे, आणि विश्वस्तांपैकी दोघांनी बैठकीत हाच हिशेब मांडून विरोध केला होता. त्यांचा विरोध रास्त होता, म्हणून पैसे कशात वसूल झाले आणि कशात झाले नाहीत हे मी बारकाईने टिपत गेलो.

सर्वांत मोलाची ठरली ती कागदपत्रांची तपासणी, आणि माहितीपत्रकात तिला एक ओळ दिलेली होती. कंपनीचे एक तरुण तपासनीस दिवसभर आमच्या कार्यालयात बसले आणि कपाटातील प्रत्येक फाइल त्यांनी काढून पाहिली. धर्मादाय आयुक्त कार्यालयातील शेड्यूल वनच्या, म्हणजे संस्थेच्या विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीच्या उताऱ्यावर आमच्या एका दिवंगत विश्वस्तांचे नाव अजून होते. २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे विश्वस्त घेतल्याचा ठराव इतिवृत्तात व्यवस्थित लिहिलेला होता. परंतु महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत द्यायचा चेंज रिपोर्ट, म्हणजे असा बदल कळवणारा अहवाल, कोणी दिलाच नव्हता. निधी देणाऱ्या कंपनीचा अधिकारी पहिल्याच दिवशी उतारा आणि विश्वस्तांची यादी शेजारी ठेवून पाहतो, आणि दोन्ही जुळले नाहीत तर प्रस्तावाचे पुढचे पान उलटत नाही. आम्ही विलंब माफीच्या अर्जासह चेंज रिपोर्ट दाखल केला. पॅन कार्डावरील संस्थेच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग नोंदणी प्रमाणपत्राहून एका अक्षराने वेगळे होते, तेही त्यांनीच दाखवले.

याहून गंभीर गोष्ट आयकराची होती. जुन्या न्यासांना नव्या पद्धतीने मिळालेली १२एबी (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी पाच वर्षांची होती आणि आमची मुदत ३१ मार्च २०२६ रोजी संपत होती. नूतनीकरणाचा १०एबी अर्ज मुदतीच्या सहा महिने आधी, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत करणे आवश्यक होते. आमच्या सचिवांची समजूत अशी होती की मार्च संपता संपता अर्ज केला तरी चालेल. ही समजूत तशीच राहिली असती तर एकाही कंपनीने आमचा विचार केला नसता, कारण सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याप्रमाणे सामाजिक कामांवर खर्च करायचा निधी घेणाऱ्या न्यासाकडे या नोंदण्या असाव्या लागतात. अर्ज ऑगस्टमध्ये गेला. याच ओघात १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ हा अर्जही भरला गेला. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरावा लागतो आणि त्यावर सीएची किंवा कंपनी सेक्रेटरीची डिजिटल सही लागते. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील आमची माहितीही जुनी होती. तिथला ओटीपी चार वर्षांपूर्वी संस्था सोडून पुण्याला गेलेल्या सचिवांच्या मोबाइलवर जात असे, आणि प्रत्येक वेळी त्यांना फोन करून तो मागावा लागे. त्या तपासनिसांनी सगळ्या पोर्टलचे लॉगिन, मोबाइल क्रमांक आणि मुदती एका तक्त्यात लिहून दिल्या. तो तक्ता आता कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला आहे. एवढ्या एका दिवसाच्या कामासाठी मी ३५,००० रुपयांपैकी निम्मे तरी आनंदाने दिले असते.

कार्यशाळा सिडको भागातील एका सभागृहात झाली. जालना, हिंगोली, परभणी, धाराशिव अशा ठिकाणांहून बावीस संस्थांचे लोक आले होते, त्यांतील बरेच जण पहाटेची एसटी धरून. बहुतेक जण संस्थेत प्रत्यक्ष काम करणारे कार्यकर्ते होते. संध्याकाळी अभ्यासिका घेणारे, बचत गटांच्या बैठका घेणारे. निधीसाठी वेगळा पगारी माणूस असलेल्या संस्था माझ्या पाहण्यात दोनच होत्या. तरीही सगळे शिकवणे जणू प्रत्येक संस्थेत असा एक माणूस, त्याच्यापुढे लॅपटॉप आणि इंग्रजीत लिहिण्याची सवय आहे असे धरून चालले होते. बोलणे मराठीत होते, पडद्यावरचा प्रत्येक शब्द मात्र इंग्रजीत. हिंगोलीच्या एका ताईंनी चहाच्या वेळी मला विचारले, "सर, आउटपुट अन् आउटकम एकच का?" हा प्रश्न त्यांनी सभागृहात विचारला नव्हता, कारण बाकी सगळ्यांना ते कळत असेल असे त्यांना वाटले. वसतिगृहात ४० मुले पाच महिने राहिली हा आउटपुट, आणि ती मुले वार्षिक परीक्षेला बसून पुढच्या वर्गात गेली हा आउटकम, असे मी माझ्या परीने सांगितले. त्या लगेच म्हणाल्या, "मग आम्ही आजवर नुसते पहिलेच लिहीत आलोत." ज्या व्यक्तीला दोन मिनिटांत हे इतके नेमके उमगते, तिला दिवसभर गप्प बसायला लावणारे प्रशिक्षण आपल्या कामात कुठेतरी कमी पडते आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंदाजपत्रकाचे सत्र मात्र उत्कृष्ट होते. बँकेत असताना मीही कर्जाचा प्रस्ताव हाती आला की आधी आकड्यांचे पान उघडत असे, कारण अर्जदाराला आपले काम किती कळले आहे ते वर्णनापेक्षा आकड्यांत लवकर दिसते. शिकवणाऱ्या मॅडमनी हीच गोष्ट फार चांगली पोहोचवली. प्रत्येक रकमेमागे संख्या, दिवस आणि दर असे तीन आकडे दिसले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या जुन्या कागदावर "भोजन खर्च, अंदाजे ४ लाख" असे लिहिलेले होते. त्याऐवजी ४० मुले, १५० दिवस, दररोज ६० रुपये, म्हणजे ३,६०,००० रुपये असे लिहिल्यावर तीच रक्कम वाचणाऱ्याला पटते आणि उद्या मुले ३५ झाली तर किती परत करायचे हेही आपोआप ठरते. गावकऱ्यांनी दिलेली ज्वारी आणि फुकट वापरायला मिळालेल्या दोन खोल्या यांची बाजारभावाने किंमत काढून ती लोकसहभाग म्हणून दाखवावी, हेही त्यांनी सांगितले. आम्ही ही मदत कधी कागदावर आणलीच नव्हती. गावाने दिले ते गावाचे, त्याचा हिशेब काय ठेवायचा, अशी आमची भावना होती. परंतु बाहेरच्या निधी देणाऱ्याला आमच्यामागे गाव उभे आहे हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही, हे त्यांचे म्हणणे मला मान्य झाले.

त्यानंतर लॉगफ्रेम शिकवली गेली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या यूएसएड या मदत संस्थेसाठी तयार झालेला हा चार ओळींचा आणि चार रकान्यांचा तक्ता आज जगभर वापरला जातो. ध्येय, हेतू, निष्पत्ती आणि कामे अशा चार पायऱ्या एकाखाली एक येतात, आणि प्रत्येकीसमोर वर्णन, मोजण्याची खूण, पडताळणीचे साधन आणि गृहीतके लिहायची असतात. पहिल्या तीन रकान्यांवर दीड तास गेला आणि गृहीतकांच्या शेवटच्या रकान्यावर दहा मिनिटेही नाहीत. मराठवाड्यातील संस्थेसाठी हा क्रम उलटा असायला हवा होता. आमच्याकडे पाऊस, कारखान्याचा गाळप हंगाम आणि मुकादमाची उचल या तीन गोष्टींवर गावातील प्रत्येक कुटुंबाचे वर्ष ठरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच प्रदेशात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. अशा ठिकाणी "परिस्थिती सर्वसाधारण राहील" एवढे लिहून तो रकाना भरणे म्हणजे निधी देणाऱ्याला अर्धी माहिती देणे होय. पीक गेले तर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वाढतील, आमच्याकडे ४० ऐवजी ५५ मुले येतील आणि त्या वर्षी गावातून धान्यही कमी मिळेल, हे आधीच लिहून ठेवले असते तर सप्टेंबरनंतर आम्हाला वाढीव मदत मागताना आधार मिळाला असता. या कार्यशाळेने ते शिकवले नाही. आम्हालाही ते पूर आल्यावरच सुचले.

दुसऱ्या दिवसाचा पूर्वार्ध परदेशी निधीवर गेला. परदेशी निधी घेण्यासाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि मागील तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा निधी नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच घ्यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. माहिती बरोबर होती, परंतु हात वर करायला सांगितले तेव्हा ही नोंदणी असलेली एकच संस्था निघाली. तो वेळ उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, कसे लिहावे यासाठी दिला असता तर सगळ्यांच्या कामी आला असता.

एका मुद्द्यावर कार्यशाळेत शिकवणाऱ्यांनी चुकीची माहिती दिली, आणि ती महत्त्वाची असल्यामुळे सविस्तर लिहितो. "सीएसआरमध्ये संस्थेला प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के मिळतो, म्हणून पगार त्यातच बसवा," असे सांगण्यात आले आणि बावीस संस्थांनी ते वहीत उतरवून घेतले. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांपर्यंत पोहोचतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत ५ टक्क्यांची जी मर्यादा आहे, ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर करायच्या खर्चाला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. वसतिगृहातील मुलांना सांभाळणाऱ्या ताईंचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. त्यांच्याशिवाय प्रकल्पच नाही. कार्यशाळेनंतर मी नियमांची प्रत दाखवली तेव्हा त्यांनी ती शांतपणे वाचली आणि "कंपन्या तसेच धरतात," असे उत्तर दिले. कंपन्या तसे धरत असतील, तर त्यांच्यासमोर नियम ठेवण्याचे बळ संस्थेला देणे हेच सल्लागाराचे काम नव्हे काय? ही चूक पसरल्याने ज्या कार्यकर्त्या आधीच तुटपुंज्या मानधनावर काम करतात, त्यांच्याच वाट्याला कात्री लागते.

आता प्रस्तावांच्या मसुद्यांकडे येतो. तिन्ही मसुदे वेळेवर मिळाले, भाषा सफाईदार होती, मांडणी नेटकी होती आणि परिशिष्टांचा क्रम निर्दोष होता. पहिल्याच पानावर मात्र बीड हा केंद्र सरकारच्या मागास जिल्ह्यांसाठीच्या कार्यक्रमातील आकांक्षित जिल्हा असल्याचे लिहिले होते. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात मराठवाड्यातून तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा आहे, बीड नाही. बालविवाहाविषयी राज्याचा २१.९ टक्के हा आकडा दिला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्याचा स्वतंत्र आकडा ४३.७ टक्के इतका आहे, आणि मुलीला मागे एकटी कशी ठेवायची या काळजीपोटी होणारी लग्ने आमच्या कामाच्या अगदी मुळाशी आहेत. जो आकडा आमचे म्हणणे दुप्पट ठामपणे मांडतो तो हाताशी असताना राज्याची सरासरी घालणे, हे दुसऱ्या जिल्ह्यासाठी लिहिलेला मजकूर नाव बदलून वापरल्याचे लक्षण आहे.

तिसरी चूक आमच्या वसतिगृहातील ताईंनी पकडली. कामाच्या वेळापत्रकात पालकांची पायाभूत पाहणी, म्हणजे काम सुरू होतानाची स्थिती नोंदवणारी पाहणी, डिसेंबर महिन्यात धरलेली होती. मी मसुदा त्यांना वाचून दाखवत होतो, तिथे त्यांनी मला थांबवले. "साहेब, डिसेंबरात कुणाला विचारणार? गावात म्हातारी माणसं अन् कुलपं राहतेत." हे वाक्य ऐकल्यावर मी संपूर्ण वेळापत्रक त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतले. पाहणी पितृपक्षात, कारण तेव्हा टोळ्या ठरत असतात, घरे भरलेली असतात आणि कोण जाणार हे निश्चित झालेले असते. मुलांची नोंद दसऱ्याला. दुसरी पाहणी पाडव्यानंतर, आईवडील परतल्यावर. कंपन्यांचे वर्ष एप्रिलला सुरू होते, मंजुरी बहुधा पावसाळ्यात येते आणि पहिला हप्ता दिवाळीच्या आसपास मिळतो, तेव्हा आमचे स्वयंपाकघर आधीच सुरू झालेले असते. म्हणून प्रकल्प एकाच आर्थिक वर्षात न बसवता अनेक वर्षांचा चालू प्रकल्प म्हणून मांडावा, हा सल्ला कंपनीच्या मार्गदर्शकांनी फोनवर दिला आणि तो अचूक होता. अशा प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्षअखेरीनंतर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते, ही तरतूद मला ठाऊक नव्हती.

कोणाकडे अर्ज करायचा याची यादीही त्यांनी दिली. ती जवळजवळ संपूर्ण मुंबईच्या कंपन्यांची होती. कायदा कंपन्यांना आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, आणि मराठवाड्यातील मोठे कारखाने वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा आणि जालन्याच्या पोलाद उद्योगात एकवटलेले आहेत. मुंबईच्या बंद दारावर पत्र टाकण्याआधी वाळूजला जाऊन प्रत्यक्ष भेटणे आमच्या आवाक्यातले होते. ती यादी आम्ही स्वतः केली.

सर्वांत अवघड प्रसंग टक्केवारीचा होता. तिसऱ्या महिन्यात कंपनीकडून असा निरोप आला की पुढील प्रस्ताव विनाशुल्क लिहून देऊ, मंजूर रकमेच्या ८ टक्के आम्हाला द्यावेत. विश्वस्तांपैकी अनेकांना हे सोयीचे वाटले, कारण निधी मिळाला नाही तर काहीच द्यावे लागणार नव्हते. मी त्याला विरोध केला. मुलांच्या जेवणासाठी मंजूर झालेल्या ३,६०,००० रुपयांतून २८,८०० रुपये सल्लागाराला गेले, तर निधी देणाऱ्याला ते कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचे? दाखवले तर तो मान्य करणार नाही. न दाखवता दिले तर उपयोगिता प्रमाणपत्रावर खोटी सही होते, आणि ती सही आमच्या सचिवांची असेल, सल्लागाराची नव्हे. शिवाय मंजूर रकमेवर मोबदला मिळणारा माणूस गरजेपेक्षा मोठे अंदाजपत्रक लिहिण्याकडे झुकतो. बँकेत दलालामार्फत आलेल्या कर्जप्रकरणांत मी हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. अमेरिकेतील निधीउभारणी करणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहितेत टक्केवारीवर मोबदला घेण्यास मनाई आहे, हेही मी बैठकीत सांगितले. दोन तास चर्चा झाली आणि शेवटी नकाराचा ठराव झाला. कंपनीने तो नकार राग न धरता स्वीकारला आणि उरलेल्या तीन महिन्यांत मार्गदर्शनात काही कसूर केली नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

फोनवरील मार्गदर्शन सकाळी ११ ते ५ या वेळेतच मिळे. आमचे सचिव त्या वेळी शेतात असतात आणि हिशेब लिहिणारा मुलगा कॉलेजात, त्यामुळे जवळजवळ सगळे बोलणे माझ्याकडेच आले. हळूहळू असे झाले की प्रस्तावातील प्रत्येक बारकावा मला ठाऊक आणि संस्थेतील दुसऱ्या कोणालाच नाही. विनामोबदला काम करणाऱ्याने ही स्थिती येऊ देता कामा नये. मी उद्या आजारी पडलो किंवा मुलाकडे राहायला गेलो, तर संस्था पुन्हा त्या जुन्या सचिवांकडून ओटीपी मागण्याच्या दिवसांवर येईल. म्हणून ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघांचा निधी गट केला: वसतिगृहाच्या ताई, हिशेब लिहिणारा मुलगा आणि मी. ताई गरजेचा भाग तोंडी सांगतात, तो मुलगा टाइप करतो, मी आकडे आणि नियम पाहतो, आणि सही करण्यापूर्वी सचिवांना संपूर्ण प्रस्ताव मराठीत वाचून दाखवला जातो. सल्लागार कंपनीच्या सेवेत अशा गटाला शिकवण्याची सोय असती तर तिचा उपयोग कितीतरी वाढला असता. संस्थेतील कोणीतरी एक जण "निधीचा माणूस" आहे असे धरल्यामुळे त्यांचे ज्ञान त्या एकाजवळच साचते.

तीन प्रस्तावांपैकी एकाला उत्तर आले नाही. दुसरा आमची वार्षिक उलाढाल कमी असल्याच्या कारणाने परत आला. ही अट त्या कंपनीच्या अर्जाच्या नमुन्यातच होती आणि मसुदा लिहिण्यापूर्वी सल्लागारांनी ती वाचायला हवी होती. तिसरा वाळूजच्या एका कारखान्याकडे आम्ही स्वतः नेला. त्याची मांडणी आणि अंदाजपत्रक सल्लागारांच्या मसुद्यातील होते, गरजेचा भाग आणि वेळापत्रक ताईंचे. नोव्हेंबरमध्ये तिथले अधिकारी गावात येऊन गेले. त्यांनी अंदाजपत्रकावर एकही प्रश्न विचारला नाही. डिसेंबरऐवजी पितृपक्षात पाहणी का, एवढेच विचारले आणि ताईंचे उत्तर लिहून घेतले. भोजन, अंथरूण-पांघरूण आणि शालेय साहित्याचा खर्च मंजूर झाला. ताईंचे मानधन मंजूर झाले नाही, आणि कारण म्हणून तीच ५ टक्क्यांची मर्यादा पत्रात लिहून आली. नियमाच्या व्याख्येसह फेरविचाराचे पत्र आम्ही पाठवले आहे.

डिसेंबरअखेर सेवेची मुदत संपली. पुढील वर्षासाठी आम्ही कंपनीला फक्त कागदपत्रांची वार्षिक तपासणी आणि अंदाजपत्रकाची फेरतपासणी एवढेच काम द्यायचे ठरवले असून, त्यासाठी ठरावीक शुल्काचे दरपत्रक मागवले आहे. ज्या संस्थेचा चेंज रिपोर्ट थकला आहे, सीएसआर-१ झालेला नाही किंवा आयकराच्या मुदती कोणाला ठाऊक नाहीत, तिने ही तपासणी अवश्य करून घ्यावी. प्रस्तावाचे लेखन विकत घेऊ इच्छिणाऱ्यांनी करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: शुल्क ठरावीक राहील, मसुदा लिहिण्यापूर्वी लेखक किमान एक दिवस गावात येईल, आणि मसुद्यातील प्रत्येक आकड्यासमोर तो कोठून घेतला हे नमूद असेल. आमच्या करारात यांपैकी पहिलीच गोष्ट होती, आणि तीही तिसऱ्या महिन्यात सैल होऊ पाहत होती.